जिप्सीच्या मागच्या एक्सलचा आवाज: हाउसिंग बदलण्याआधी एवढं करून बघा

तुमचा प्रश्न मी असा समजलो. 2006 ची मारुतीची जिप्सी किंग आहे, दीड वर्षापूर्वी चिपळूणमध्ये सेकंडहँड घेतली. साधारण ताशी 45 किलोमीटरच्या पुढे मागून ‘हूंऽऽ’ असा आवाज सुरू होतो, 60 ला सगळ्यात जास्त येतो, आणि कुंभार्ली घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की आवाजाचा सूर बदलतो. गॅरेजवाल्याने खाली न वाकताच ‘पूर्ण हाउसिंग बदला, 38 हजार’ असं सांगितलं. (हाउसिंग म्हणजे मागचा एक्सल आणि त्याचे दाते ज्यात बसतात तो लोखंडी खोका.) तुमच्या हातात 15 हजार आहेत, आणि गाडी पुरात बुडालेली असावी असा तुम्हाला संशय आहे.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जीप, जिप्सी, बोलेरोची कामं करतो, त्यातली बरीचशी मागच्या एक्सलची. तुम्ही ‘आवाज स्वस्तात कसा घालवू’ असं विचारलंय. मी आधी वेगळा प्रश्न विचारेन: आवाज नक्की कोण करतंय? जिप्सीच्या मागच्या बाजूने येणाऱ्या आवाजाला निदान सहा मालक असू शकतात. टायर, चाकाचं बेअरिंग, पिनियनचं बेअरिंग, क्राउनच्या बाजूची बेअरिंगं, क्राउन-पिनियनचे दात, आणि ज्याच्याकडे कोणी बघतच नाही ती मधली ट्रान्स्फर केस. पिनियन म्हणजे शाफ्टच्या टोकाचं छोटं दातेरी चाक, क्राउन म्हणजे ते ज्याला फिरवतं ते मोठं चाक, आणि ही जोडी बसते तो भाग म्हणजे डिफरन्शियल. ट्रान्स्फर केस म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी. यातल्या काही गोष्टी फुकटात सुटतात, काही दोन-तीन हजारांत, आणि एकच खरोखर महाग आहे. कोण आवाज करतंय हे कळल्याशिवाय खर्च केलात तर पैसे जातील आणि आवाज तसाच राहील.

हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर शिरोळ तालुक्यातली एक जिप्सी माझ्याकडे आली. मालकाने दुसरीकडे आख्खं हाउसिंग बदलून घेतलं होतं, जुन्या बाजारातलं, पण आवाज जसाच्या तसा. जिप्सीची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती मागे वेगळी, रबरी माउंटिंगवर टांगलेली असते आणि गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत एक छोटा शाफ्ट जातो. म्हणजे गाडीखाली एकूण तीन शाफ्ट आणि सहा क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकांचे वळणारे सांधे. त्या गाडीत ट्रान्स्फर केसचं बेअरिंग गेलं होतं. तो आवाज पत्र्यातून मागच्या सीटखाली घुमायचा, म्हणून ऐकणाऱ्याला एक्सलचा वाटायचा. बेअरिंग बदललं, आवाज गेला. हाउसिंगचे पैसे मात्र वाया गेले ते गेलेच, आणि तो माणूस शेतकरी होता. म्हणून हे उत्तर लांब लिहितोय.

आता तपासणी. सुरुवात टायरपासून करा, कारण तिला खर्च नाही. रानात फिरायला तुम्ही जाड गुट्ट्यांचे टायर घातले असतील तर ते स्वतःच घुमतात, आणि झिजून गुट्टे तिरपे झाले की आवाज हुबेहूब बेअरिंगसारखा येतो. फरक ओळखायची खूण सोपी आहे. गुळगुळीत डांबरावरून खडबडीत सिमेंटच्या रस्त्यावर गेलात की टायरचा आवाज बदलतो, एक्सलचा बदलत नाही. शिवाय ॲक्सिलरेटर दाबला काय आणि सोडला काय, टायरला फरक पडत नाही. शंका राहिलीच तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून वीस किलोमीटर चालवा. आवाज पुढे सरकला तर प्रश्न तिथेच मिटला.

तुमच्या बाबतीत ॲक्सिलरेटर सोडल्यावर सूर बदलतो, म्हणजे टायर आणि चाकाचं बेअरिंग यांच्यावरचा संशय कमी होतो आणि डिफरन्शियलवरचा वाढतो. पण वाढतो इतकंच, तेवढ्यावर खात्री धरू नका. चाकाचं बेअरिंग वळणावर बोलतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर 40-50 च्या वेगाने हलकेच डावीकडे, मग उजवीकडे गाडी झुलवा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं. तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, उलट झालं तर डावं.

आवाजाच्या जातीवरूनही बरंच कळतं. जिप्सी किंगच्या 205/70 आर 15 टायरचा एक फेरा साधारण 2.1 मीटरचा. 60 च्या वेगाला चाक सेकंदाला आठेक फेरे घेतं. पिनियन त्याच्या साधारण चौपट फिरतं, म्हणजे तीस-बत्तीस फेरे. म्हणून गेलेलं चाकाचं बेअरिंग जाड, घरघरणाऱ्या आवाजात बोलतं, जात्यासारखं. पिनियनचं बेअरिंग किंवा दात बारीक, शिट्टीकडे झुकणाऱ्या सुरात बोलतात. तुम्ही ‘हूंऽऽ’ लिहिलंय. तो नाकातून काढल्यासारखा आहे की घशातून, हे एकदा नीट ऐका.

यापुढची चाचणी मी जिप्सीवर नेहमी करतो आणि तिच्याइतकं स्पष्ट उत्तर दुसऱ्या कुठल्याच चाचणीने मिळत नाही. ट्रान्स्फर केसपासून मागच्या एक्सलपर्यंतचा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही टोकांना फ्लँजवर बोल्टने बसवलेला असतो. फ्लँजवर पंचने खुणा करा, म्हणजे परत त्याच जागी बसेल, आणि शाफ्ट उतरवा. मग गाडी फोर-एच (चारही चाकांना जोर) मध्ये टाका आणि फक्त पुढच्या चाकांच्या जोरावर सपाट रस्त्यावर, वेग सावकाश वाढवत, पाच-सात किलोमीटर चालवा. आवाज पूर्ण गेला, तर दोष मागच्या शाफ्टमध्ये किंवा जोराखालीच बोलणाऱ्या दातांत. आवाज तसाच राहिला आणि वळणावर बदलत असला, तर चाकाची बेअरिंगं. आवाज राहिला पण कमी झाला, तर पिनियनची किंवा क्राउनच्या बाजूची बेअरिंगं, कारण चाकं फिरतात तोवर क्राउन आणि पिनियन दोन्ही फिरत असतात, फक्त त्यांच्यावर जोर नसतो. आणि आवाज मधूनच, गिअर लिव्हरच्या मागून यायला लागला, तर ट्रान्स्फर केस. इथे एक धोका आहे, तो विसरू नका. शाफ्ट काढल्यावर गाडी गिअरमध्ये उभी केली तरी मागची चाकं मोकळीच असतात, आणि जुन्या जिप्सींमध्ये हँडब्रेक ट्रान्स्फर केसवर असतो, तोही मग मागच्या चाकांना धरत नाही. चढ-उतारावर गाडी उभी करू नका आणि चाकाखाली दगड लावल्याशिवाय खाली उतरू नका.

काही जण मागचा भाग जॅकवर उचलून, गाडी गिअरमध्ये टाकून, लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकतात. पद्धत चांगली आहे, मीही वापरतो, पण मजबूत घोड्यांवर (गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर) आणि फक्त टू-एच (मागच्या दोनच चाकांना जोर) मध्ये. चुकून फोर-एच लागलं तर पुढची चाकं गाडीला घोड्यांवरून ओढून खाली आणतील. एकटे असाल तर इंजिन न लावता चाक हाताने फिरवा. ड्रममागच्या पत्र्यावर बोट ठेवलं तरी खराब बेअरिंगची खरखर हाताला लागते.

आता ऑइल. तुमच्या गाडीत टायरनंतर लगेच मी हेच बघितलं असतं, कारण चिपळूण. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांना माहीत आहे. त्यातल्या कितीतरी वरून धुऊन, सीट बदलून विकल्या गेल्या. एक्सल मात्र कोणी उघडत नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते हाउसिंगच्या तळाशी बसतं. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली असतो, म्हणजे त्याची बेअरिंगं नेमकी त्या पाण्यात. गाडी महिनाभर उभी राहिली की रोलर आणि रेस (रोलर जिच्यावर फिरतात ती कडी) जिथे टेकलेले असतात तिथेच गंज धरतो. असं बेअरिंग सोडवून मी पेट्रोलने धुतो आणि बाहेरची रेस उजेडात धरतो. सुरीने रेघा माराव्यात तशा काळपट खुणा दिसतात, एकेका रोलरच्या अंतरावर. त्यावरून नख फिरवलं की प्रत्येक खुणेवर अडकतं. गाडी चालते तेव्हा प्रत्येक रोलर त्या खड्ड्यांवरून जातो. तुम्हाला ऐकू येतं ते तेच.

म्हणून गाडी वीस किलोमीटर चालवून आणा, तेल गरम असतानाच खालचा बोल्ट सोडा आणि स्वच्छ, पसरट भांड्यात ते उतरवा. त्याआधी एक खबरदारी: वरचा, तेल भरायचा बोल्ट सुटतो की नाही ते आधी बघा. तो जाम असेल आणि खालून तेल काढून बसलात तर गाडी आहे तिथेच अडकेल. निघालेलं तेल काळं पण पारदर्शक असेल तर ठीक. दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी आहे. मग तेल जुन्या सुती कापडातून गाळा आणि तळाशी चुंबक फिरवा. राखाडी, लोण्यासारखी बारीक लुकण निघाली तर घाबरायचं कारण नाही, ती रोजची झीज असते. चमकणाऱ्या कपच्या किंवा बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर काहीतरी तुटतंय, गाडी चालवणं थांबवा.

नवीन तेल भरताना दुकानात नुसतं ‘90 नंबर द्या’ म्हणू नका. डब्यावर जीएल-5 लिहिलेलं हवं. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, ते जोरात घासतात, आणि तो दाब सोसणारी रसायनं जीएल-5 मध्ये असतात. 80डब्ल्यू-90, जीएल-5 घ्या. मागच्या हाउसिंगला साधारण दीड लिटर लागतं. भरायच्या भोकातून तेल बाहेर येऊ लागेपर्यंत भरा. पाणी निघालं असेल तर दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा बदला, कारण कोपऱ्यात राहिलेलं पाणी पहिल्या तेलात मिसळतं. आणि हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं छोटं तोंड, बघा. तो चिखलाने बुजलेला असला की तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या गार पाण्यात उतरताच आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरला दोन-तीन फूट रबरी नळी जोडून तिचं टोक बॉडीजवळ उंच बांधा. शे-दीडशे रुपयांचं काम आहे, पण पावसाळ्यात रानात फिरणाऱ्या प्रत्येक गाडीला मी ते सांगतो.

कमी तेलावर चाललेल्या एक्सलचा आवाज कधीकधी नव्या तेलाने निम्म्यावर येतो. तो तेवढ्यावर राहिला आणि तेलात धातू नसेल, तर पुढचे सहा महिने काहीही उघडू नका, असा माझा सल्ला असेल. झिजलेले दात आवाज करत राहतात पण लगेच तुटत नाहीत. गंजलेलं बेअरिंग मात्र वाढत जातं. त्याला वेळ देऊ नका.

तपासणीत चाकाचं बेअरिंग सापडलं तर तुम्ही नशीबवान. ड्रम काढा, मागच्या पत्र्याचे बोल्ट सोडा आणि स्लाइड हॅमरने एक्सल ओढून घ्या. बेअरिंग एक्सलवर प्रेसने बसवलेलं असतं आणि त्याला एक रिटेनर रिंग धरून ठेवते. ही रिंग ग्राइंडरने अर्धी कापून छिन्नीने फोडायची असते. कापताना एक्सलला चर पडू देऊ नका, तेवढ्यावरून पुढे एक्सल तुटतो. जुनी रिंग परत बसवू नका, कारण सगळा एक्सल तिच्यावरच अडकलेला असतो. ती सरकली तर चाक एक्सलसकट बाहेर येतं. नवीन बेअरिंग घेताना जुन्यावरचा नंबर वाचून तोच घ्या, आणि नावाजलेल्या कंपनीचं, खात्रीच्या दुकानातून, पावतीसह. बनावट डब्यातली बेअरिंगं बाजारात खूप आहेत. ऑइल सीलही त्याच वेळी बदला. ब्रेक शूवर गिअर ऑइल लागलं असेल तर शू धुऊन वापरू नका, तेल आत मुरलेलं असतं. दोन्ही बाजूचे नवीन शू टाका. पैसे वाचवायची ही जागा नाही, विशेषतः रोज कुंभार्ली उतरणाऱ्याला.

आता पिनियनकडे येतो, कारण तुमचं लक्षण तिकडेच बोट दाखवतंय. जिप्सीत एक मोठी सोय आहे: डिफरन्शियलचं कॅरिअर, म्हणजे क्राउन-पिनियनसकटचा गोळा, हाउसिंगच्या पुढच्या बाजूने आख्खं बाहेर निघतं. दोन्ही एक्सल थोडे बाहेर ओढा, शाफ्ट सोडा, नट काढा आणि कॅरिअर उतरवा. ते जड असतं, दोघं मिळून उचला. म्हणजे ज्याच्या हातात पाने धरायची सवय आहे तो हे घरच्या अंगणात करू शकतो आणि फक्त कॅरिअर पोत्यात घालून जाणत्या माणसाकडे नेऊ शकतो. काढण्या-बसवण्याची मजुरी तिथेच वाचते. मिस्त्रीला टेबलावर नीट उजेडात काम करता येतं, ते वेगळंच.

त्या मिस्त्रीला काय सांगायचं ते नीट ऐका. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात. त्यातलं एकच कधी बदलायचं नाही. तुमचे दात चांगले असतील, म्हणजे टवके नाहीत, कडा पातळ झालेल्या नाहीत, तर जोडी तीच ठेवायची आणि फक्त बेअरिंगं, सील आणि पिनियनमधला चेपणारा स्पेसर (दोन बेअरिंगमधली नळी) नवीन घालायचा. पिनियनच्या डोक्याखालचा शिम (पातळ चकती) जो निघेल तोच परत. बाजूच्या बेअरिंगच्या कॅपना सोडवण्याआधी पंचने खुणा, डावी-उजवी अदलाबदल नको. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजने मोजायचा. जिप्सीला मी तो 0.10 ते 0.15 मिलिमीटरच्या आत बसवतो. हाताने हलवून ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका. शेवटी शेंदूर तेलात कालवून दातांना लावायचा आणि क्राउनला थोडा अडसर देत फिरवायचा. ठसा दाताच्या मध्यावर उमटायला हवा. टोकाला किंवा मुळाशी गेला तर शिम बदलावा लागेल. शेंदरात शिसं असतं, काम झाल्यावर हात नीट धुवा.

पिनियनचा नट हा या सगळ्यातला सगळ्यात नाजूक भाग. तो घट्ट करताना स्पेसर थोडा चेपतो आणि बेअरिंगवर ठराविक ताण येतो. फ्लँजला दोरी गुंडाळून, ती स्प्रिंगच्या काट्याने ओढून तो ताण मोजतात. तुमच्या गाडीचं पिनियन सील मागे कोणी बदललं असेल आणि नट एअर गनने ठोकून आवळला असेल, तर स्पेसर जास्त चेपून बेअरिंग करपलेलं असू शकतं. आधीच्या मालकाला जमलं तर हे विचारा. सील बदलल्यानंतर महिना-दोन महिन्यांत आवाज सुरू झाला असेल तर कारण बहुतेक हेच.

खर्चाचं गणित गावाप्रमाणे बदलतं, म्हणून आकड्यांऐवजी क्रम सांगतो. तेल आणि ब्रीदर सगळ्यात स्वस्त. मग एका बाजूचं चाकाचं बेअरिंग. मग कॅरिअरची सगळी बेअरिंगं आणि सील, जे मजुरी धरून तुमच्या पंधरा हजारांत बसायला हरकत नाही, कॅरिअर तुम्ही स्वतः उतरवलंत तर नक्कीच. दातच गेले असतील तर नवीन क्राउन-पिनियनपेक्षा जुन्या बाजारातलं आख्खं कॅरिअर परवडतं, पण दात मोजल्याशिवाय घेऊ नका. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात हा आकडा तुमच्या जुन्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. वेगवेगळ्या जिप्सींत तो वेगळा असू शकतो. मागचा आणि पुढचा रेशो वेगळा झाला तर फोर व्हील लावताच दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्स्फर केस फुटू शकते. फ्लँज हाताने फिरवून खरखर बघा, आणि ‘आवाज आला तर परत घेणार’ हे बिलावर लिहून घ्या.

अजून एक विचारायचं राहिलं. गाडी उंच केलेली आहे का? पाट्यांना (पट्ट्यांच्या स्प्रिंगना) उंच शॅकल, म्हणजे टांगायच्या कड्या, किंवा जास्तीचे पट्टे घातले असतील तर पिनियनचा कोन बदलतो, क्रॉस तिरपे फिरतात आणि थरथर येते. ती बसल्या जागी आवाजासारखीच वाटते. मग एक्सल कितीही उघडलंत तरी उपयोग नाही, पाटा आणि हाउसिंगमध्ये पाचर घालून कोन सुधारावा लागतो. यू-बोल्ट ढिले आहेत का तेही बघा, त्याला एक पाना पुरतो.

या रविवारी टायरची अदलाबदल आणि तेलाची तपासणी करा, पुढच्या रविवारी शाफ्ट उतरवून चाचणी घ्या. मग मला तीन गोष्टी कळवा: निघालेल्या तेलाचा रंग, चुंबकाला काय लागलं, आणि शाफ्टशिवाय चालवताना आवाज गेला, राहिला की कमी झाला. तेवढ्यावरून कॅरिअर उतरवायचं की नाही ते मी सांगू शकेन. तोपर्यंत 38 हजारांच्या हाउसिंगला ॲडव्हान्स देऊ नका.